मुलाखत झाली, आता आभाराच्या चार ओळी

कुणी भाकरी थापत असेल, कुणी शेंगा फोडत असेल, कुणी नुकतीच रानातून येऊन टेकली असेल. हात चालू द्या, कान तेवढे इकडे द्या. आजचा विषय लहानसा आहे, पण गेल्या दोन-तीन वर्षांत आमच्या गटांच्या बैठकीत तो सारखा निघतो. मुलाखत देऊन घरी आल्यावर पुढं काय करायचं? नुसती वाट बघायची, की ज्यांनी मुलाखत घेतली त्यांना आभाराचे दोन शब्द कळवायचे? आणि कळवायचे तर लिहायचे कसे?

पूर्वी हा प्रश्न आपल्याकडं फारसा नव्हता. खुरपणीला, ऊसतोडीला जायचं म्हटलं तर मुकादम विचारायचा, येतेस का, आणि आपण म्हणायचो, येते. मुलाखत वगैरे काही नाही. आता आपल्या मोहोळ तालुक्यातल्या मुली आणि सुना चिंचोली एमआयडीसीतल्या कारखान्यात पॅकिंगला जातात, सोलापूरला दवाखान्याच्या नोंदणी खिडकीवर बसतात, दुकानात बिलं करतात, खासगी शाळेत बालवाडी घेतात. ग्रामसंघाची लिपिका, बँक सखी, पशुसखी, कृषी सखी ही कामं तर आपल्याच घरातली. ग्रामीण तरुण-तरुणींसाठी २५ सप्टेंबर २०१४ ला दीनदयाल उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना सुरू झाली. तिच्यात वयाची अट १५ ते ३५ अशी आहे, पण बायकांसाठी ती ४५ पर्यंत वाढवलेली आहे. म्हणजे दोन लेकरांची आईसुद्धा शिकून मुलाखतीला उभी राहू शकते, आणि राहतेच आहे.

मुलाखतीला काय घालून जायचं, कागद कोणते न्यायचे, हे आपण गटात बोलतो. मुलाखतीनंतरचं मात्र कुणी बोलत नाही. म्हणून आज तेवढंच बोलू.

आधी मनातली अडचण काढू. आम्ही गटात हा विषय काढला की पहिलं उत्तर ठरलेलं असतं, "ताई, आभार कशाला मानायचे? काम दिलंय का त्यांनी अजून?" दुसरी म्हणते, "असं मागं मागं लागलं तर आपली गरज दिसते." तिसरी म्हणते, "परक्या माणसाला बाईनं मेसेज करायचा? घरात काय म्हणतील?"

तिन्ही म्हणण्यात तथ्य आहे. आपल्या बोलण्यात "धन्यवाद" हा शब्द तसाही कमीच. जावेनं दळण आणून दिलं तर आपण तिला धन्यवाद म्हणत नाही. म्हणतो, "बरं केलंस बाई, माझी खेप वाचली." पण नीट ऐका, यात आभार आहेतच. आणि नुसते आभार नाहीत, तिनं नेमकं काय केलं तेही आहे. माझी खेप वाचली. शेजारणीनं वाटीभर कालवण दिलं तर ती वाटी आपण रिकामी परत करत नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर घालून देतो. त्यात लाचारी असते का? नाही. घेतलं त्याची जाण आहे, एवढंच त्यातून कळतं.

मुलाखतीनंतरचा निरोप हा तसाच असतो. समोरच्यानं आपल्याला अर्धा तास दिला, आपलं ऐकलं. त्या अर्ध्या तासाची जाण ठेवायची. नोकरीसाठी पदर पसरायचा नाही. आज आम्हाला जे सांगायचं आहे ते एवढंच, की आभार मानणं आणि विनवणी करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या एकाच निरोपात मिसळायच्या नाहीत.

आता हे आम्ही कशाच्या जोरावर सांगतो? तर आम्ही टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलो आहोत. प्रभागसंघाचे हिशेब लिहायला एक ताई नेमायची होती, तेव्हा निवड करायला आमच्यातल्याच पाचजणी बसल्या होत्या. सकाळपासून अकरा जणी येऊन गेल्या. खरं सांगतो, दुपारच्या जेवणानंतर चेहरे आणि नावं एकमेकांत मिसळायला लागली. "ती हिरव्या साडीतली कुठल्या गावची होती?" असं आम्हीच एकमेकींना विचारत होतो. समोर बसलेल्या बाईला वाटतं, मी एवढं बोलले, त्यांच्या लक्षात राहिलंच असेल. तसं होत नाही. मुलाखत घेणारं माणूसही दमतं, विसरतं.

त्या अकरा जणींतली एक बारावी झालेली सून होती. अक्षर चांगलं, आकडेमोड पक्की. पण आम्ही विचारलं, दर गुरुवारी तालुक्याला यावं लागेल, जमेल का? ती गप्प बसली. खाली बघत राहिली. आमच्यातल्या एकीनं तिच्या नावापुढं प्रश्नचिन्ह केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा निरोप आला. त्यात लिहिलं होतं, "काल आपण गुरुवारचं विचारलं, तेव्हा मला लगेच सांगता आलं नाही, कारण गाडीची वेळ नक्की माहीत नव्हती. आज स्टँडवर विचारून घेतलं. सकाळची एसटी आहे, दहाच्या आत मी पोहोचू शकते. घरी सासूबाईंशी बोलून ठेवलं आहे." वर आभाराची एक ओळ होती, खाली नाव होतं. एवढंच.

निवड काही त्या एका निरोपानं झाली नाही. तिची आकडेमोड चांगली होती म्हणून झाली. पण नावापुढचं प्रश्नचिन्ह त्या निरोपानं पुसलं, हे नक्की. आणि गाडीची चौकशी स्वतः करून कळवणारी बाई हिशेबातही अशीच चौकशी करेल, असं आम्हाला वाटलं.

म्हणून निरोपाकडून काय मिळतं आणि काय मिळत नाही, ते आधीच समजून घ्या. ज्या कामाला आपण योग्य नाही ते काम निरोपानं मिळत नाही. पण तुमचं नाव पुन्हा एकदा समोर येतं. राहिलेलं उत्तर पुरं करता येतं. आणि कळवायचं तर कुठं, तो फोन नंबर त्यांच्या हाताशी राहतो.

आता लिहायचं कसं ते बघू. वहीपेन जवळ असेल तर पाच गोष्टी टिपून घ्या.

पहिली गोष्ट, मी कोण. पूर्ण नाव, गाव, कोणत्या कामासाठी आले होते आणि कोणत्या दिवशी. "मी काल आले होते" एवढ्यानं चालत नाही. काल दहाजणी आल्या होत्या.

दुसरी, आभार. एकच ओळ. वेळ दिलात, काम समजावून सांगितलंत, त्याबद्दल आभारी आहे.

तिसरी, मुलाखतीतली एक खरी गोष्ट. तिथं तुम्हाला काय नवीन कळलं, कोणत्या कामात गोडी वाटली, ते नेमकं लिहा. हीच ओळ तुमची स्वतःची असते. बाकीच्या ओळी कुणीही लिहील.

चौथी, राहिलेलं काही असेल तर ते. एखादं उत्तर अर्धवट राहिलं, एखादा कागद द्यायचा राहिला, तर त्याबद्दल. काही राहिलं नसेल तर ही ओळ सोडून द्या.

पाचवी, फोन कोणत्या नंबरवर आणि कोणत्या वेळेला लागेल.

बस्स. चार-पाच ओळींच्या वर जायचं नाही. आता एक नमुना वाचून दाखवतो. समजा दवाखान्याच्या नोंदणी खिडकीच्या कामासाठी मुलाखत झाली आहे.

"नमस्कार मॅडम. मी", इथं तुमचं पूर्ण नाव, "राहणार मोहोळ. काल मंगळवारी नोंदणी खिडकीच्या कामासाठी मुलाखतीला आले होते. आपण वेळ दिलात आणि दोन्ही पाळ्यांचं काम समजावून सांगितलंत, त्याबद्दल आभारी आहे. म्हाताऱ्या पेशंटांना फॉर्म भरून द्यावा लागतो असं आपण म्हणालात, ते काम मला मनापासून आवडेल. संगणकावर मराठी टाइप करता येतं का असं आपण विचारलं होतं. मी एमएस-सीआयटी केलं आहे, प्रमाणपत्राची प्रत हवी असल्यास आणून देते. माझा फोन सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर लागतो."

ऐकलंत ना? यात कुठं हात जोडलेले नाहीत आणि कुठं फुशारकीही नाही. एक बाई दुसऱ्या माणसाशी कामाचं बोलते आहे.

आता दुसरा एक निरोप सांगतो. हा पाठवायच्या आधी आमच्या एका ताईनं बैठकीत दाखवला होता, आणि तिची परवानगी घेऊनच सांगतो आहोत. मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाच्या कामासाठी तिनं मुलाखत दिली होती. तिनं लिहिलं होतं, "सर मी खूप गरीब आहे. घरात कमावणारं कुणी नाही. लेकरं लहान आहेत. तुमच्या पाया पडते, मला ठेवून घ्या. तुमचे उपकार जन्मभर विसरणार नाही."

यातला शब्द न् शब्द खरा होता. आम्हाला तिचं घर माहीत आहे. गरज असणं यात लाज नाही, हेही तिला सांगितलं. पण मग आम्ही तिला विचारलं, ताई, तिथं काम काय आहे? म्हणाली, साठ मुलींचा दोन वेळचा स्वयंपाक. आम्ही विचारलं, तू आत्ता काय करतेस? म्हणाली, पाच वर्षं शाळेत पोषण आहार शिजवते, ऐंशी लेकरांचा. आम्ही म्हटलं, मग यात ते कुठं आहे?

ती हसली. मग आम्ही बसून दुसरा निरोप केला. "नमस्कार सर. मी", नाव, "सोमवारी वसतिगृहातल्या स्वयंपाकाच्या कामासाठी भेटायला आले होते. आपण भटारखाना दाखवलात, माल कसा येतो ते सांगितलंत, त्याबद्दल आभारी आहे. मी पाच वर्षं शाळेत पोषण आहार शिजवते. रोज ऐंशी मुलांच्या भात-आमटीचा अंदाज मला आहे. धान्याची नोंदवहीही मीच लिहिते. सकाळी सहाला कामावर येऊ शकते."

फरक बघा. पहिल्या निरोपात ती किती अडचणीत आहे ते कळतं. दुसऱ्यात तिला काय येतं ते कळतं. माणूस कामावर घेताना दुसरं बघतात. दया येते, पण दयेनं साठ मुलींचं जेवण वेळेत होत नाही, हे त्यांनाही माहीत असतं.

आणि मैत्रिणींनो, याच्या पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. ज्या दारात आपण उपकारानं शिरतो, तिथं पुढं पगार वेळेवर मागायलाही जीभ रेटत नाही. ठरल्यापेक्षा दोन तास जास्त राबवलं तरी वाटतं, यांनीच तर ठेवून घेतलं, बोलायचं कसं? सुट्टी मागताना अपराधी वाटतं. म्हणून "उपकार", "पाया पडते", "पदरात घ्या" हे शब्द कामाच्या निरोपात लिहू नका. आपण काम देणार, ते पगार देणार. देण्याघेण्याचा व्यवहार आहे, बरोबरीचा आहे. पहिल्याच निरोपात बरोबरीनं बोललो तर पुढंही बोलता येतं.

त्या ताईला ती नोकरी मिळाली का, असं तुम्ही विचाराल. नाही मिळाली. वसतिगृहातच मुक्कामी राहणारी बाई त्यांना हवी होती. पण तो मजकूर तिनं वहीत उतरवून ठेवला. पुढच्या मुलाखतीत "तुम्हाला काय येतं?" असं विचारल्यावर ती अडखळली नाही. स्वतःबद्दल लिहिलं की बोलताही येतं, हा एक फायदा आम्हाला तिच्यामुळं कळला.

आता पाठवायचं कधी? त्याच दिवशी संध्याकाळी, नाहीतर दुसऱ्या दिवशी कामाच्या वेळेत. रात्री आठनंतर नको. आठवडा गेल्यावर आभार मानले तर ती आभाराची भाषा राहत नाही, चौकशी वाटते.

कुणाला पाठवायचं? ज्या नंबरवरून तुम्हाला मुलाखतीचा फोन आला, त्या नंबरवर. कार्यालयातून ई-मेल आला असेल तर त्याच ई-मेलला उत्तर म्हणून. मोठ्या साहेबांचा घरचा नंबर कुणाकडून मिळवून तिथं पाठवू नका. लहान दुकान असेल, जवळच असेल, तर कागदावर लिहून पाकिटात दिलं तरी छान. चांगल्या अक्षरातली चिठ्ठी आजही लोक जपून ठेवतात.

भाषा कोणती? मुलाखत ज्या भाषेत झाली ती. मराठीत बोलणं झालं असेल तर निरोप मराठीतच लिहा. कुणीतरी पाठवलेला इंग्रजी मजकूर तसाच पुढं ढकलू नका. मुलाखतीत आपण मराठी बोललो आणि निरोप आला जड इंग्रजीत, तर तो आपला नाही हे लगेच कळतं. मराठी लिहा ती देवनागरीत लिहा. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिली की वाचणाऱ्याला अडखळायला होतं.

टाइप करायला वेळ लागत असेल तर फोनच्या कीबोर्डवर माइकचं चिन्ह असतं. भाषा मराठी निवडून, ते दाबून बोला. शब्द आपोआप उमटतात. पण पाठवण्याआधी वाचून बघा, कारण तो माइक गावांची आणि माणसांची नावं हमखास चुकवतो. ऱ्हस्व-दीर्घाची फार काळजी करू नका. नाव, तारीख आणि नंबर मात्र चुकता कामा नये.

साधा एसएमएस करणार असाल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. एका एसएमएसमध्ये इंग्रजी अक्षरं १६० मावतात, पण देवनागरी फक्त ७०, आणि त्यात काना, मात्रा, वेलांटी, मधली मोकळी जागा सगळं धरलं जातं. त्यापेक्षा मोठा मजकूर तुकड्यांत जातो. म्हणून एसएमएसला नाव, काम आणि आभार एवढंच लिहा. मोठा निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. आणि व्हॉट्सअ‍ॅप म्हटलं की फुलं, देवाचे फोटो, सुप्रभात हे सगळं त्या नंबरवर पाठवायचं नाही. आजही नाही, उद्याही नाही.

आता फोनबद्दल थोडं. आपल्यातल्या पुष्कळ जणींच्या अर्जावर नंबर नवऱ्याचा किंवा मुलाचा असतो. कंपनीतून फोन येतो, नवरा रानात असतो, रेंज नसते, किंवा मुलगा कॉलेजात असतो. घरी सांगायचं राहून जातं. दोन दिवसांनी कळतं तेव्हा जागा भरलेली असते. हे आमच्या गटांत घडलेलं आहे, एकदा नव्हे, दोनदा. निरोपामुळं यावर थोडा उपाय होतो. सरळ लिहा, "हा नंबर माझ्या मुलाचा आहे. मी संध्याकाळी सहानंतर या नंबरवर भेटेन. नाहीतर आमच्या गटाच्या सचिव ताईंच्या नंबरवर निरोप ठेवावा." सचिव ताईंना आधी विचारून मगच त्यांचा नंबर द्या, आणि त्यांनीही निरोप आला की चहा थंड व्हायच्या आत पोहोचवावा. आणि जमेल तेव्हा स्वतःच्या नावाचं सिमकार्ड घ्या. आपल्या पगाराचा निरोप आपल्याच हातात यावा.

काय पाठवायचं नाही, तेही सांगायला हवं. आधार कार्डाचा फोटो, पासबुकाचं पान, ओटीपी हे आभाराच्या निरोपाबरोबर कधीच जात नाही. मुलाखतीत कुणी मागितलं असेल तर कार्यालयात जाऊन प्रत द्या. पेढे, साडी, गावची भाजी असलं काही पोहोचवू नका. आपण प्रेमानं देतो, पण निवडीच्या आधी दिलेली वस्तू आभार राहत नाही.

सरकारी भरतीचं वेगळं आहे. तिथं असा निरोप पाठवायचीच गरज नाही. गुणांवर यादी लागते. अनेक सरकारी जाहिरातींत स्पष्ट लिहिलेलं असतं, की निवड करणाऱ्यांवर वशिला किंवा दबाव आणला तर उमेदवार अपात्र ठरेल. केंद्र सरकारच्या खालच्या गटांतल्या पदांसाठी, म्हणजे क गटासाठी आणि ब गटातल्या अराजपत्रित पदांसाठी, १ जानेवारी २०१६ पासून मुलाखतच बंद झाली आहे. तेव्हा "मुलाखतीत तुमचं काम करून देतो, एवढे पैसे द्या" असं कुणी सांगत आलं तर ओळखा, की हा माणूस फसवायला आला आहे.

खासगी नोकरीतही निरोपाला उत्तर म्हणून "तुमची निवड झाली, आता नोंदणीचे किंवा गणवेशाचे पैसे या नंबरवर भरा" असं आलं तर पैसे भरू नका. आधी त्या ठिकाणी समक्ष जाऊन विचारा. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या नंबरवर फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त.

आणि एक नाजूक गोष्ट, पण आम्ही ती बोलणार. आपण सरळ मनानं आभार मानले आणि समोरून रात्री-अपरात्री मेसेज यायला लागले, "एकटीच भेटायला ये, मग नोकरीचं बघू" असं काही आलं, तर त्यात तुमचा दोष नाही. आभार मानले म्हणून असं झालं, असं मनात आणू नका. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आहे. त्यात म्हटलं आहे, की बाई तिथं नोकरीला असो वा नसो, तिला तक्रार करता येते. नोकरीचं आमिष दाखवून केलेली मागणी हाही छळच. जिथं दहापेक्षा कमी माणसं काम करतात, अशा ठिकाणची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं करता येते. साधारण तीन महिन्यांच्या आत तक्रार करायची असते. आलेले मेसेज पुसू नका, त्यांचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, आणि गटातल्या एकीला तरी सांगा. १८१ ही महिलांची हेल्पलाइन आहे. आमच्याकडं आलात तर आम्ही बरोबर येऊ.

मुलाखतीत लग्न कधी, मूल कधी, घरचे सोडतील का, असले प्रश्न विचारले असतील आणि तुम्हाला उत्तर द्यावंसं वाटलं नसेल, तर निरोपात त्याचा खुलासा करत बसू नका. कामाच्या वेळा पाळता येतील, एवढं कळवलं की पुरे. बाप्याला कुणी विचारत नाही, घरचे सोडतील का म्हणून.

निरोप गेला. आता उत्तर नाही आलं तर? पहिल्या दिवशी उत्तर येतच नाही, असं धरून चाला. त्यांनी "आठ दिवसांत कळवतो" म्हटलं असेल तर आठ दिवस थांबा. नंतर एकदा, फक्त एकदा विचारा, "माझ्या मुलाखतीबद्दल काही ठरलं का, कळवाल का?" तरी काही नाही आलं तर दुसरीकडं अर्ज करायला लागा. रोज विचारल्यानं निकाल बदलत नाही, आपलाच जीव टांगणीला लागतो.

नकार आला तर? त्यालाही दोन ओळींचं उत्तर द्या. "कळवल्याबद्दल आभार. पुढं अशी जागा निघाली तर माझा विचार करावा." हे लिहायला जड जातं, आम्हाला माहीत आहे. पण आमच्या प्रभागसंघाचंच सांगतो, नंतर दुसरं काम निघालं तेव्हा आम्ही जुनी यादी काढली, आणि पहिला फोन तिलाच केला जिचा नकारानंतरही नीट निरोप आला होता.

होकार आला आणि तुम्हालाच जायचं नसेल, पगार परवडत नसेल, एसटीची सोय नसेल, तर तेही त्याच दिवशी कळवा. तुम्ही गप्प बसलात तर तुमच्या मागं यादीत असलेली दुसरी बाई खोळंबते.

आता गटासाठी या आठवड्याचं काम. साप्ताहिक बैठकीत बचत, कर्ज, नोंदवही सगळं झालं की अर्धा तास काढा. दोघी-दोघींच्या जोड्या करा. एकीनं मुलाखत घ्यायची, दुसरीनं द्यायची. पाच प्रश्न विचारा. मग दुसरीनं वहीच्या पानावर आभाराच्या चार-पाच ओळी लिहायच्या. जिला लिहिता येत नाही तिनं सांगायचं, शेजारणीनं लिहून घ्यायचं. मग सगळ्यांपुढं मोठ्यानं वाचायचं, आणि गटानं तीनच गोष्टी तपासायच्या. नाव, काम आणि नंबर आहे का? तिला स्वतःला काय येतं त्याची निदान एक ओळ आहे का? आणि उपकार, पाया पडते असला एखादा शब्द आला आहे का? आला असेल तर सगळ्यांनी मिळून तो काढायचा आणि त्या जागी तिच्या कामाची ओळ घालायची.

आम्ही हे तीन गटांत करून बघितलं. लिहायला दहा मिनिटं लागतात. पण "मला काय येतं" ही एक ओळ सुचायला जास्त वेळ लागतो. वीस वर्षं घर, रान, जनावरं, गटाचा हिशेब सांभाळणारी बाई म्हणते, "मला काही येत नाही ताई." मग शेजारची तिला म्हणते, "अगं, दोन म्हशींच्या दुधाचा महिन्याचा हिशेब तू तोंडी करतेस की." ती ओळ अशी शेजारणीच्या तोंडून येते. म्हणून हे काम एकटीनं घरी करण्यापेक्षा गटात करा.

तुमच्या गटात लिहिलेले निरोप आम्हाला पाठवा. नाव, गाव आणि नंबर झाकून, तुमची परवानगी असेल तर त्यातले काही आम्ही इथं वाचून दाखवू. दुसऱ्या गावच्या बाईला त्यातून चार शब्द मिळतील.

आज एवढंच. जिची मुलाखत या आठवड्यात आहे, तिला आमच्या सगळ्यांकडून शुभेच्छा. नमस्कार.